दादाच्या मरणाचं शूटिंग

"ताई, ही तिरडी कुठं ठेवू? चहाच्या टेबलाजवळ चालेल?"

मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं होतं. समोर ओट्यावर कला विभागाचा एक मिशाळ माणूस उभा. खांद्यावर सुतळीनं बांधलेली नवीकोरी तिरडी आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

"चालेल की," मी म्हणाले. "वर बिस्किटाचे पुडे मांडा, म्हणजे झालं."

त्याला ते खरंच वाटलं. तो टेबल सरकवायला लागला, तेव्हा मला ओरडावं लागलं. शाळेत अख्खा वर्ग मी नुसत्या नजरेवर गप्प बसवते, पण हे सिनेमावाले कुणाच्या नजरेला भीक घालतील तर शपथ. दिवाळी झाल्यापासून त्यांनी आमचं घर ताब्यात घेतलं होतं. न्हाणीघरात लाइटची खोकी, देवघरासमोर केबलचं वेटोळं, आणि तुळशीच्या कुंडीत कुणीतरी सिगारेट विझवलेली.

"आणि ती आत आणू नका," मी त्याला बजावलं. "मागं बोळात ठेवा. आमच्या आईच्या नजरेला पडता कामा नये."

"पण आज शॉटच तिरडीचा आहे, ताई."

"मला माहिताय कशाचा आहे ते."

मला माहीत नसून कसं चालेल? भाऊ माझाच गेला होता.

मुकुंददादा आम्हा तिघांत थोरला. कराडात शनिवार पेठेत आमचं घर, पुढच्या खोलीत त्याचं शिलाईचं दुकान, मागं तो आणि आई राहायचे. बाबा लवकर गेले. मग माझं लग्न, धाकट्या श्रीरंगचं शिक्षण, यातच दादाचं वय निघून गेलं आणि त्यानं लग्न केलंच नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. म्हणजे मयतसुद्धा परत आलं नाही, त्या दिवसांत घरी देतच नव्हते. आई इथं तापानं फणफणलेली. श्रीरंग मुंबईत स्वतःच पॉझिटिव्ह होऊन खोलीत कोंडलेला. मी एकटी होते. बाकी सगळं नगरपालिकेच्या माणसांनी केलं. आमच्या दारातून तिरडी उठलीच नाही.

आता दीड वर्षानं ती उठणार होती. सिनेमात.

श्रीरंग बरीच वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या सिनेमांना असिस्टंट होता. स्वतःचा पहिला सिनेमा मिळाला, तर या पठ्ठ्यानं विषय घेतला थोरल्या भावाच्या मरणाचा आणि जागा घेतली आमचं राहतं घर. "खऱ्या घरात जे मिळतं ते सेटवर मिळत नाही, ताई," असं मला फोनवर समजावलं. मी म्हणाले, "खऱ्या घरात आईपण मिळते. तिचं काय करायचं?" तर म्हणाला, "ती खूश आहे."

तीच तर अडचण होती. आई खूश होती. म्हणून मी शाळेत रजा टाकली, नवऱ्याला डब्यावर सोडलं आणि दोन गल्ल्या ओलांडून माहेरी मुक्कामाला आले, तिच्यावर लक्ष ठेवायला.

दादाचं काम करायला आरव नावाचा नट आणला होता. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत दिराचं काम करायचा. दिसायला दादासारखा अजिबात नाही, पण खांदे जरा पाडून चालायला लागला की मागून भास व्हायचा. पहिल्याच दिवशी श्रीरंगनं सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि सांगितलं, "शूटिंग संपेपर्यंत याला कुणी आरव म्हणायचं नाही. चहा पिताना, जेवताना, सगळीकडं मुकुंदच. म्हणजे तो त्यातनं बाहेर येत नाही." सगळ्या युनिटनं माना डोलावल्या. मी डोलावली नाही. आईनं डोलावली.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात परत ती हाक सुरू झाली.

"मुकुंद, अंघोळ झाली का?"

"मुकुंद, डोक्याला तेल लाव जरा, केस बघ कसे झालेत."

पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोळी तव्यावर करपली, मला कळलं नाही. आणि आईचं आपलं रोजचं चालूच. युनिटचं जेवण कॅटररचं यायचं, पण ती त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढायची. भरलं वांगं, वर तेलाची धार. मुकुंददादा वांग्याला शिवायचा नाही, लहानपणापासून. आई एवढंही विसरली म्हणून मी हबकले. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसून बोलत राहायचे. मी जवळ गेले की आई म्हणायची, "काही नाही गं, आमचं आपलं चाललंय."

मी श्रीरंगला गाठून सांगितलं, "आईचं काही खरं नाही. ती त्याला दादाच समजायला लागलीय."

"बघ ना," तो म्हणाला. "किती सुंदर आहे ते."

सुंदर म्हणे. माझ्या हातात उलथनं होतं. तेच त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

आणि आज तिच्या डोळ्यांसमोर हा मुकुंद मरणार होता. नाकात कापूस घालून तिरडीवर निजणार होता आणि उद्या गाडीत बसून मुंबईला निघून जाणार होता. एकदा गेलेला मुलगा आईनं परत गमवायचा. तिला हे झेपेल का, असा प्रश्न एवढ्या गोतावळ्यात फक्त मला पडला होता. मला रात्री झोप लागत नव्हती.

म्हणून मी बेत केला होता. आईला सकाळीच उंब्रजला मावशीकडं न्यायचं आणि सगळं उरकल्यावर परत आणायचं.

आत गेले तर आई लसूण सोलत बसली होती.

"आई, आवर. उंब्रजला जाऊन येऊ. मावशीला बरं नाहीये."

"तिला काय झालंय? काल फोनवर तासभर भांडली की माझ्याशी."

"रात्रीत बिघडलं."

"मग पडू दे तिला निवांत. आपण कशाला जाऊन त्रास द्यायचा?" आईनं मान वर केली नाही. "आणि मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"आज काय ते."

"आई, आज कुणाचं बारसं नाहीये. आज काय आहे, कळतंय का तुला?"

"रंगानं सांगितलंय मला. मुकुंदला न्यायचाय आज."

भाजीला जायचंय म्हणावं तसं म्हणाली.

"तो मुकुंद नाही, आई."

"बरं," ती म्हणाली. "तू पोहे खाल्लेस का? सकाळपासनं नुसती ओरडत फिरतीयस."

आता हिला काय म्हणायचं? मी तशीच पुढच्या खोलीत गेले. श्रीरंग दादाच्या कापायच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. दाढी वाढलेली, डोळ्याखाली काळं, अंगात तोच कालचा शर्ट. जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि त्याची युनिटमधली मंडळी याला मोठ्या कौतुकानं 'सर कामात बुडालेत' असं म्हणत होती.

"आईला सांग उंब्रजला जायला. तुझं ऐकेल ती."

"तिला असू दे, ताई. तिचं पण मोकळं होईल."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"तू तरी रडलीस का कधी?" त्यानं एकदम विचारलं.

"मला वेळ नव्हता. बँकेचं, दुकानाचं, दाखल्यांचं कोण बघणार होतं?"

"तेच म्हणतोय मी. आपल्यात कुणीच रडलं नाही. त्याला नीट पोचवायलाच मिळालं नाही आपल्याला. तेवढं मी करतोय. अंघोळ, तुळशीचं पान, खांदा, सगळं व्यवस्थित."

"रंग्या, ते झालंय. बरं-वाईट जसं व्हायचं तसं झालंय. मी होते तिथं. त्या दिवशी मी गेले तेव्हा—"

"ते नको आत्ता, ताई. शॉट आहे."

हे नेहमीचं होतं. दीड वर्षात त्यानं त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी विषय काढला की त्याला फोन तरी यायचा नाहीतर भूक तरी लागायची. आणि सिनेमा मात्र लिहून मोकळा. त्याच्या सिनेमात दवाखान्यात कोण आहे? धाकटा भाऊ. डबा तो पोचवतो, ऑक्सिजनसाठी तो धावतो, डॉक्टरांच्या हातापाया तो पडतो. बहीणच नाही. कागद वाचल्यावर मी विचारलं होतं, "मी कुठाय?" तर म्हणाला, "पहिल्या खर्ड्यात होतीस, ताई. मग कथा पसरायला लागली." जन्मल्यापासून दादाच्या मागं मागं फिरले मी, त्याच्या मशिनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या केल्या, शेवटचे डबे मी पोचवले, आणि माझ्यामुळं कथा पसरते. शेवटपर्यंत नाहीच घेतलं त्यानं मला त्यात.

"कर तुला काय करायचंय ते," मी म्हणाले. "पण आईला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही."

तो परत कागदात बघायला लागला. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

तिकडं स्वयंपाकघरात नवंच चाललेलं. सिनेमात आईचं काम शैलजाबाई करत होत्या. जुन्या नाटकातल्या, वयानं मोठ्या, सगळ्यांवर खेकसणाऱ्या. चहा गार आला तर कप तसाच परत पाठवायच्या. आमच्या आईचीच एक साडी नेसून त्या आईसमोर स्टुलावर बसल्या होत्या.

"माई, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "राग मानू नका. त्याला असा समोर ठेवल्यावर तुम्ही काय केलंत? म्हणजे आधी रडू फुटलं, की आधी त्याला हात लावलात?"

मी दारातूनच म्हणाले, "बाई, तुम्ही हे काय विचारताय?"

आईनं मला हातानं गप्प केलं. "मला कुठं ठेवला समोर?" ती म्हणाली. "मला ताप होता. हिनं फोनवर सांगितलं. मग काय करायचं कळेना, तर मी उठून भांडी घासली. चार दिवसांचा ढीग पडला होता."

शैलजाबाईंनी हातातला गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला. माझ्या देखत पहिल्यांदाच.

"तुम्ही तुम्हाला येईल तसं करा," आईनं उलट त्यांनाच धीर दिला. "बरोबरच होईल."

दुपार कलल्यावर शॉट लागला. ओट्यावर सतरंजी, शेजारीपाजारी म्हणून आणलेली माणसं, कोपऱ्यात मडकं. खरे शेजारी गच्चीवरून बघत होते, त्यांना खाली बसायला सांगून माझा घसा गेला. आरवला तिरडीवर निजवला. पांढरं कापड, कपाळाला बुक्का, नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार. मी एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. श्रीरंगनं स्वतः वाकून त्याच्या अंगावरचं कापड सारखं केलं, हार सारखा केला, मग परत कापड सारखं केलं. त्याची असिस्टंट मुलगी घड्याळ बघत होती.

आईला मॉनिटरच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. मी तिच्या खांद्याला खेटून उभी राहिले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात तिची बीपीची गोळी, आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलेलं की घरीच थांबा.

"आई, अजून सांगते, आत चल."

"गप गं, आवाज येतो त्यात," ती म्हणाली.

शॉट सुरू झाला. शैलजाबाई बाहेर आल्या. मला वाटलं होतं की या आता धाय मोकलतील. त्या नुसत्या तिरडीपाशी बसल्या. त्याचे पाय कापडाबाहेर आले होते, ते त्यांनी कापडात नीट घेतले, कडेनं दाबले, थंडीत लेकराला पांघरूण घालावं तसे. मग त्यांनी भांड्यातलं तुळशीचं पान पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर ठेवलं. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून ओट्यावरच्या त्या भाड्यानं आणलेल्या बायकापण खऱ्या रडायला लागल्या.

मी शॉट बघितलाच नाही. मी आईकडं बघत होते. ती पुढं झुकून, डोळे बारीक करून बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हात मांडीवर स्वस्थ होते. मला ते स्वस्थपण जास्तच भयाण वाटलं. मी गोळी कागदातून काढून ठेवली.

चौघांनी तिरडी उचलली. "श्रीराम जय राम" म्हणत ते ओटा उतरले, अंगण ओलांडलं, फाटकापाशी आले. इथं शॉट संपायचा होता. चौघं थांबले. कॅमेरा थांबला नाही. कुणी 'कट' म्हणेना.

चौघं खांद्यावर तिरडी घेऊन उभेच. एकाचा पाय लटपटायला लागला. वरचा माणूस जिवंत, धडधाकट, चांगला पंचाहत्तर किलोचा.

"सर?" असिस्टंट मुलगी हळूच म्हणाली. "सर, कट?"

श्रीरंग मॉनिटरकडं बघत होता. शेवटी कॅमेरामननंच हात वर केला आणि चौघांनी तिरडी खाली उतरवली. सगळीकडून टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचाही संताप आला. आरव कोपरावर रेटा देऊन उठायला गेला.

"थांब," शैलजाबाई फाटकाकडं येत ओरडल्या. "हलू नकोस. पड तसाच."

तो परत आडवा झाला.

"मयताचं काम केलेला माणूस आपण होऊन उठत नाही," त्यांनी सगळ्या युनिटला सुनावलं. "तुम्हा आजकालच्या लोकांना काही म्हणजे काही ठाऊक नसतं. ज्यानं निजवला, त्यानंच घरच्या नावानं हाक मारून उठवायचा. आणि उठला की त्याचा हसतानाचा एक शॉट घ्यायचा. आमच्याकडं पहिल्यापासनं हीच पद्धत. जिवंत पोर आहे ते, कुणाचं तरी. चला, डायरेक्टर, या इकडं."

असिस्टंट मुलीनं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. मलाही वाटलं, आता हे एक राहिलंच होतं. लवकर उठवा बाबा त्याला, म्हणजे मी आईला आत नेते.

श्रीरंग आला. तिरडीपाशी उकिडवा बसला. त्यानं आरवच्या छातीवर हात ठेवला आणि नुसता बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत.

"दादा, ऊठ की."

आता कुणी हसलं नाही. आरवनं एक डोळा किलकिला केला आणि माझ्याकडं बघितलं. उठू का, असं विचारत होता बिचारा.

"ऊठ ना, दादा," श्रीरंग म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले होते आणि हलवत होता. आवाज शाळेतल्या पोराचा झाला होता. "किती वेळ. ऊठ. मी आलोय."

इतके दिवस जिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, ती माझ्या शेजारी शाबूत बसली होती. आणि ज्याच्यावर मी सकाळ-संध्याकाळ नुसती खेकसत होते, तो माझा भाऊ सगळ्यांदेखत एका परक्या पोराला दादा म्हणून उठवत होता. मी गोळी घेऊन भलत्याच माणसापाशी उभी होते.

आई खुर्चीवरून उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. मी तिला धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला. ती फाटकापाशी गेली आणि तिनं आधी श्रीरंगचे हात आरवच्या खांद्यांवरून सोडवले. ते तिनं आपल्या एका हातात धरून ठेवले.

"घरचं नाव घ्यायचं ना?" तिनं शैलजाबाईंना विचारलं.

"हो, माई. आईनं ठेवलेलं."

"आरव," असिस्टंट मुलगी म्हणाली. "आरव नाव आहे त्यांचं."

"ते पडद्यावरचं," आई म्हणाली.

ती खाली वाकली. त्याच्या नाकातला कापूस तिनं स्वतःच्या बोटांनी काढला, कपाळावरचा बुक्का पदरानं पुसला, गळ्यातला हार काढून लांब ठेवला.

"अंबादास," ती म्हणाली. "ऊठ बाळा. पाठ भरून आली असंल."

तो उठून बसला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आता हस," आई म्हणाली. "तुझी आई परभणीला वाट बघत बसलीय. हस बघू."

त्याला हसू येईना. त्यानं आधी नाक ओढलं, मग आईकडं बघितलं, आणि मग तो रडत रडतच हसला. कॅमेरामननं तेवढं घेतलं.

मी आईजवळ गेले. "आई, तू तर त्याला रोज मुकुंद म्हणत होतीस."

"रंगानं सांगितलं होतं ना तसं म्हणायला. पहिल्यांदाच पिक्चर काढतोय पोरगा, आपण कशाला मोडता घालायचा?" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "वैजू, मला माझा मुकुंद कळत नाही काय गं?"

श्रीरंग अजून जमिनीवरच बसला होता, तिरडीच्या बांबूला हात लावून.

"याला आत घेऊन जा," आई म्हणाली. "त्या दिवशीचं सगळं सांग त्याला. मला सांगितलंस तसं."

मी त्याला उठवलं. तो लहान मुलासारखा उठून मागं आला. मागच्या खोलीत दादाच्या कॉटवर त्याला बसवलं, पाणी दिलं. ते तो प्यायला आणि ग्लास खाली ठेवताना रडायला लागला. मोठ्यानं, लाजलज्जा सोडून. माझा त्याच्यावरचा राग काही गेला नव्हता. तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि थोड्या वेळानं माझ्याही डोळ्यांतनं यायला लागलं. ते मी पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ताई, तू बघितलंस का त्याला?"

"बघितलं. लांबनं. गाडीत ठेवताना तिथल्या माणसानं पिशवीची चेन जरा खाली केली. तसं करायचं नसतं म्हणाला, पण केली."

"कसा दिसत होता?"

"दाढी वाढली होती. एवढी. कधी वाढू दिली नाही त्यानं."

श्रीरंगनं दाराकडं बघितलं. बाहेर ओट्यावर अंबादास चहा पीत होता, गुळगुळीत दाढी केलेला.

"तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला.

"तू विचारलंस का, रंग्या?"

शर्टाच्या बाहीनं त्यानं नाक पुसलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. असिस्टंट मुलगी होती.

"सर, ऊन चाललंय. पुढचा शॉट लावायचा का?"

मी सवयीनं उठायला लागले. श्रीरंगनं माझं मनगट धरून मला परत खाली बसवलं.

"थांबा जरा," तो तिला म्हणाला. "ताई सांगतीय."